पूर्ण चौकटीचा कॅमेरा : गुण आणि गरज

वस्तू पारखून घ्यावी व गरजेपुरतीच घ्यावी, ही शिकवण आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु लग्नकार्यात छायाचित्रकाराच्या गळ्यातील थोरला कॅमेरा पाहिला, की असा एक आपल्याही घरी असावा, असे पुष्कळांस वाटते. त्याच्या अंगी कोणते गुण आहेत व ते कोणत्या कामी येतात, याचा थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

जुन्या फिल्मवरील चित्राची चौकट ३६ × २४ मिलिमीटरची असे. प्रकाश टिपणारा सेन्सर तेवढ्याच आकाराचा असला, म्हणजे त्या कॅमेऱ्यास पूर्ण चौकटीचा म्हणतात. उदाहरणादाखल २०१७ साली निघालेला निकॉन डी-८५० घेऊ. त्याचा सेन्सर ३५.९ × २३.९ मिलिमीटरचा आहे. त्याच कंपनीच्या लहान चौकटीच्या कॅमेऱ्यांत तो २३.५ × १५.७ मिलिमीटरचा असतो. म्हणजे क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून अधिक झाले. शेत मोठे असले की त्यावर पाऊसही अधिक पडतो, तसाच हा प्रकाशाचा हिशेब आहे.

याचा लाभ अंधाऱ्या जागी दिसतो. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ सालची. अशा प्राचीन मंदिरांच्या गाभाऱ्यात उजेड बेताचा आणि मूर्ती बहुधा काळ्या पाषाणाची. तेथे फ्लॅश उडविणे योग्य नव्हे. अशा वेळी संवेदनक्षमता वाढवूनही मोठ्या सेन्सरवरील चित्र कमी रवाळ उमटते. डी-८५० मध्ये ही क्षमता ६४ पासून २५,६०० पर्यंत ठेवता येते. शिवाय पडद्यावर पाहून छायाचित्र घेताना शटरचा आवाज बंद ठेवण्याची सोय आहे. त्यामुळे पूजेत वा प्रवचनात व्यत्यय येत नाही.

दुसरा गुण बारकाव्याचा. या कॅमेऱ्याचे चित्र ८,२५६ × ५,५०४ बिंदूंचे असते. सत्तावीस इंच लांबीचे ताडपत्र एका चित्रात मावविले, तरी दर इंचास सुमारे तीनशे बिंदू मिळतात. अक्षराची झिजलेली रेघ वाचण्यास ते उपयोगी पडतात. दोन कार्डांवर एकाच वेळी चित्र साठविता येते. एक बिघडले तरी दुसरे शाबूत राहते.

आता दुसरी बाजू. बॅटरीसह वजन किलोभर आहे, आणि उत्तम भिंगाशिवाय हे सारे गुण व्यर्थ होत. आमच्या मते कॅमेरा हा माल असून भिंग हे भांडवल आहे. निकॉनचा एफ-माउंट १९५९ पासूनचा. १९७७ नंतरची बहुतेक भिंगे डी-८५० वर चालतात. मात्र २०१८ साली निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेले पूर्ण चौकटीचे कॅमेरे आणले, आणि नवी भिंगे मुख्यत्वे त्यांच्यासाठीच निघू लागली. जुनी भिंगे निकॉनच्या त्या कॅमेऱ्यांवर जोडणीने बसतात खरी. परंतु २०१८ च्या मूळ जोडणीवर स्वतःची मोटर नसलेली भिंगे आपोआप फोकस होत नाहीत. जुना माल घेणाऱ्याने ही गोष्ट आधी विचारून घ्यावी.

दुकानातील वस्तूंची चित्रे गिऱ्हाइकास धाडण्यापुरता मोबाइल पुरे आहे. मग हा कॅमेरा कोणी घ्यावा? परिग्रहाचे परिमाण सांगणाऱ्या आपल्या धर्मात याचे उत्तर आहे. घरोघरी एकेक घेण्यापेक्षा गावोगावच्या बंधूंनी मिळून एक समाईक घ्यावा, दोन तरुणांस तो शिकवावा, आणि विश्वस्तांच्या संमतीने बस्त्यांतील पोथ्या, घराण्यांची जुनी चोपडी व कागदपत्रे यांची चित्रे काढून ठेवावी. कसर आणि ओल कोणासाठी थांबत नाहीत. आज वाचता येणारे पान दहा पावसाळ्यांनंतर वाचता येईलच, असे कोणी सांगावे? सभासद बंधुभगिनींनी या सूचनेचा अगत्यपूर्वक विचार करावा, एवढीच आमची विनंती आहे.