मॅग्विच पैसे का पाठवतो?

चार्ल्स डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ (1860-61) या कादंबरीवर शाळेत हमखास विचारला जाणारा प्रश्न : पळालेला कैदी मॅग्विच पुढे कथानायक पिपला श्रीमंत का करतो? ‘कृतज्ञता’ एवढंच उत्तर बहुतेक जण लिहितात. लहानग्या पिपने त्याला खायला आणि बेडी तोडायला कानस आणून दिली होती, तेव्हा ते खरंच आहे. पण अपुरं आहे.

मॅग्विचच्या खटल्याचा प्रसंग पुन्हा वाचा. एकाच गुन्ह्यात मॅग्विचला 14 वर्षं, तर त्याचा सुशिक्षित, रुबाबदार साथीदार कॉम्पेसनला 7 वर्षं शिक्षा होते. न्यायालयाने माणूस पाहिला नाही, त्याचा पोशाख आणि बोलणं पाहिलं. पुढे शिक्षा म्हणून ऑस्ट्रेलियात धाडल्यावर तिथे मेंढ्या राखून मिळवलेल्या पैशातून मॅग्विच पिपच्या रूपात स्वतःचा असा एक ‘जंटलमन’ घडवतो. त्यात माया आहे, तसाच सूडही. मला तर हा सूड लग्नाच्या दिवशी फसवल्या गेलेल्या मिस हॅविशॅमच्या सुडाहून अधिक समजण्याजोगा वाटतो. तीही आपली दत्तक मुलगी एस्टेलाला घडवते, पण पुरुषांची मनं मोडण्यासाठी.

उत्तर लिहिताना हेतूला एकच नाव देऊ नका. प्रत्येक हेतूसाठी कादंबरीतली एक कृती दाखवा. आणि निवेदक पिप स्वतः आहे, मोठेपणी मागे वळून पाहणारा, हेही ध्यानात ठेवा.