तुकोबांच्या नावावर गेलेला अभंग

तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या घरात अभंग आहेत. त्यांत ‘आधी बीज एकले’ शोधू जाल तर हाती काही लागणार नाही. हा अभंग तुकोबांचा नाहीच. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३६ साली काढलेल्या ‘संत तुकाराम’साठी तो शांताराम आठवले यांनी लिहिला. तेव्हा त्यांनी नुकतीच पंचविशी ओलांडली होती. तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांच्या तोंडी तो असा काही शोभला की सामान्य प्रेक्षकांचे सोडाच, जाणकारांनीही तो तुकोबांच्याच खात्यावर जमा केला.

यात एक गंमत आहे. चित्रपटातला खलपुरुष सालोमालो तुकोबांचे अभंग आपले म्हणून मिरवतो आणि वर तुकोबांवरच चोरीचा आळ घेतो. पडद्यावर दुसऱ्याचे काव्य लाटण्याचा हा तमाशा चालला असताना पडद्यामागच्या कवीचे काव्य मात्र आपोआप तुकोबांच्या नावावर चढत होते. इथे लबाडी कुणाचीच नव्हती. अभंगाचे वजन, बोलण्यातला थेटपणा, साध्या दृष्टान्तातून वर चढत जाणारा विचार हे सगळे आठवल्यांनी इतके पचवले होते की सांधा दिसलाच नाही. गीतकार म्हणून त्यांची सारी कारकीर्द या एका गुणावर उभी आहे. ज्याच्या तोंडी गाणे द्यायचे त्याचीच भाषा ते बोलत.

आठवल्यांचा जन्म १९१०चा. कादंबरीकार नारायण हरी आपटे यांना ते गुरुस्थानी मानत. ‘अमृतमंथन’ आणि ‘कुंकू’ हे प्रभातचे चित्रपट आपट्यांच्याच कादंबऱ्यांवरून झाले. प्रभातची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. तोवर मराठी बोलपट बोलू लागून जेमतेम वर्ष झाले होते आणि गाण्याच्या बाबतीत तो अजून नाटक कंपनीतच होता. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ला संगीत गोविंदराव टेंब्यांचे. टेंबे थेट संगीत रंगभूमीच्या गंधर्वयुगातले. रंगभूमीवर बहुतेक वेळा चीज आधी ठरे आणि तिच्यावर शब्द बसवले जात. गायक आलापांत शिरला की अर्थाने बाजूला उभे राहायचे. थिएटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर ते खपूनही जाई. कॅमेरा चेहऱ्याजवळ आला तेव्हा मात्र शब्द उघडे पडू लागले.

ही अडचण ओळखणारा संगीतकार प्रभातला मिळाला तो केशवराव भोळ्यांच्या रूपाने. नाट्यमन्वंतर या संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकात भोळ्यांनी मोजकी, भावगीताच्या वळणाची गाणी देऊन नाट्यपदांचा भार उतरवला होता. तीच दृष्टी घेऊन ते प्रभातमध्ये आले. त्यांना हवे होते ते लहान वाक्यांचे, बोलीला धरून चालणारे आणि प्रसंगातून उगवणारे गाणे. आठवल्यांनी ते लिहिले. मराठी चित्रपटगीत नाट्यपदापासून वेगळे झाले त्यात या दोघांच्या जोडीचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यातल्या भोळ्यांबद्दल जेवढे लिहिले गेले त्याच्या निम्मेही आठवल्यांबद्दल लिहिले गेलेले नाही.

‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्याच १९३७ साली आलेल्या ‘कुंकू’ने आठवल्यांसमोर अगदी उलटी अट ठेवली. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा ते लग्न मानायलाच नकार देते, असे हे कथानक. दिग्दर्शक व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले होते. प्रसंगात जे आवाज खरोखर असू शकतील तेवढेच ऐकू येतील, हा दंडक. मग गाण्यालाही घरात किंवा रस्त्यावर कुठेतरी बूड हवे. ‘मन सुद्ध तुझं’ हे गाणे म्हणूनच दारोदार फिरणाऱ्या भिकाऱ्याच्या तोंडी आले आणि मास्टर परशुरामांनी ते गायले. ग्रामीण बोली, लोकगीताची चाल, आणि धीर देणारा उपदेश, पण उपदेशकाचा आव नाही. एक वर्ष आधी ज्याने तुकोबांची वाणी उभी केली त्यानेच हा अनामिक भिकारीही उभा केला. दोन्ही गाण्यांत कवी कुठेच डोकावत नाही.

प्रभात एकच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढत असे. ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया ना माने’ झाला तेव्हा गाणी मुन्शी अझीझ यांनी लिहिली. ‘शेजारी’च्या ‘पडोसी’ला शब्द पंडित सुदर्शनांचे. प्रसंग तेच ठेवून दोन कवी दोन भाषांत शब्द बसवत. अशा कारखान्यात नेमून दिलेले काम वेळेत पुरे करणे हीच मोठी गोष्ट. त्यातही आठवल्यांनी एकसाची लिहिले नाही. ‘गोपालकृष्ण’मध्ये (१९३८) मास्टर कृष्णरावांच्या चालींवर गोकुळातली पोरे आणि राधा गायली. कृष्णाच्या भूमिकेत होते कोवळे राम मराठे, पुढचे पंडित राम मराठे. १९४०च्या ‘संत ज्ञानेश्वर’मध्ये पुन्हा संतवाणीच्या शेजारी स्वतःचे शब्द ठेवायचे होते. ‘शेजारी’साठी (१९४१) त्यांनी ‘लखलख चंदेरी’ लिहिले. समूहनृत्याचे हे गाणे म्हणजे शब्दांच्या ठेक्याचा वस्तुपाठ आहे. अक्षरांची पुनरावृत्ती आणि प्रकाशाच्या प्रतिमा यांवरच ते चालते. वाद्ये काढून नुसते वाचले तरी पाय हलतात. ‘रामशास्त्री’तले (१९४४) ‘दोन घडीचा डाव’ त्याच्या दुसऱ्या टोकाला. खेळकर मुलांच्या तोंडचे गाणे, पण आयुष्याचे क्षणभंगुरपण त्यात असे मिसळले आहे की मुले त्याला खेळ समजतात आणि थोरांना अर्थ कळतो.

माझ्या मते आठवल्यांचे सर्वांत भक्कम काम १९३६ ते १९४४ या आठ-नऊ वर्षांत झाले. व्ही. शांताराम १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले आणि कंपनीची घडी विसकटत गेली. त्याच सुमाराला ग. दि. माडगूळकर (गदिमा) चित्रपटगीते लिहू लागले होते. आठवले दिग्दर्शनाकडे वळले. ‘भाग्यरेखा’ (१९४८), य. गो. जोश्यांच्या कथेवरचा ‘वहिनींच्या बांगड्या’ (१९५३), ‘शेवग्याच्या शेंगा’ (१९५५) हे त्यांचे चित्रपट घरगुती मराठी प्रेक्षकाने आपले मानले. ‘वहिनींच्या बांगड्या’वरून पुढे हिंदीत ‘भाभी की चूडियाँ’ झाला. प्रभातच्या दिवसांविषयी त्यांनी ‘प्रभातकाल’ लिहिले. कंपनीच्या आतून लिहिलेले म्हणून ते मोलाचे आहे. १९७५ साली त्यांचे निधन झाले.

आठवल्यांची उणीवही सांगायला हवी. गदिमांचे गीत प्रसंगातून उचलून बाजूला ठेवले तरी कविता म्हणून उभे राहते आणि त्यावर कवीची मुद्रा दिसते. आठवल्यांच्या बऱ्याच गीतांचे तसे नाही; चित्रपट विस्मरणात गेला की तीही गेली. मुद्रा न उमटवण्याची किंमत त्यांनी अशी मोजली. उरलेली चार-पाच मात्र लोकांनी कवीचे नाव न विचारता सांभाळली. लोकगीताच्या वाट्याला येणारे असे आयुष्य ठरवून लिहिलेल्या गाण्याला क्वचित लाभते.

तरी नाव गाळण्याला ही सबब होऊ शकत नाही. भजनी मंडळांनी, आकाशवाणीच्या निवेदकांनी, शालेय स्नेहसंमेलनात ‘लखलख चंदेरी’ बसवणाऱ्या शिक्षकांनी गायकाबरोबर कवीचेही नाव घ्यावे. आणि मराठी चित्रपटगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी गदिमांपाशी पोचण्यापूर्वी एक प्रकरण शांताराम आठवले यांना द्यावे.