भुईपासून वीतभर वर

डिसेंबरात धानाचे पुंजणे राखायला मी आबाजींसोबत चिमूरजवळच्या शेतात जागलीला जाई. मी बाजेवर निजायचो, ते खाली तणसावर. "बाजेपरीस भुई बरी, बापू," ते म्हणत. बाजेखालून वारं फिरतं, तणसाला ऊब असते. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण त्या वाक्याचा माग काढत मी पुण्यातल्या एका निरीक्षणापाशी पोचलो.

दिवसाच्या उष्णतेचा हिशेब आपल्याकडे अंगावरच लिहिलेला असतो. काळी माती उन्हाचा थोडाच भाग परतवते. उरलेली उष्णता काही जमिनीत मुरते, काही हवेला तापवते, ओल असेल तर काही वाफेत खर्च होते. मे महिन्यात ओल सरते, सागाची पानं झडलेली असतात, आणि खर्चाची ही तिसरी वाट जवळपास बंद होते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा 47 अंशांपुढे जातो, त्यामागे हेही एक कारण आहे. शिवाय जमीन स्वतःही सतत प्रारण करते: 27 अंशांची जमीन दर चौरस मीटरला सुमारे 450 वॅट. निरभ्र रात्री आकाशाकडून त्याहून कमी परत येतं, म्हणून जमीन निवते. तेव्हा सर्वात थंड हवा जमिनीला टेकलेलीच असणार, असं सगळे धरून चालत.

एल. ए. रामदास यांनी ते मोजून पाहिलं. पालघाटचे रामदास सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी; पुण्यात हवामान खात्याच्या कृषी-हवामान शाखेचे प्रमुख. 1932 साली त्यांनी आणि एस. आत्मनाथन यांनी एका जर्मन नियतकालिकात छोटं टिपण छापलं: निवांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वात थंड हवा भुईला लागून नसते, काही इंच ते फूट-दीड फूट वर असते.

अनेकांना ते पटलं नाही. खाली ऊबदार, वर थंड अशी हवा टिकणार कशी? ऊबदार हवा वर चढून सगळं ढवळून टाकणार! मापनातच चूक असेल, असाही संशय होता. अखेर क्लाउस राश्के यांनी पुण्यातच काळजीपूर्वक मोजमाप केलं, 1957 साली निष्कर्ष छापले, आणि रामदास बरोबर ठरले. पुण्यातल्या मातीवरची नोंद पाव शतक थांबली होती, याची मला अजून चुटपुट लागते.

कारणाचा वाद मात्र मिटला नाही. 1993 मध्ये रोद्दम नरसिंह, वासुदेव मूर्ती आणि जे. श्रीनिवासन यांनी प्रारणाचा सिद्धान्त मांडला: जमिनीखालची साठवण तिला ऊब पुरवते, लगतची हवा मात्र थेट आकाशाकडे उष्णता गमावते. पुढे बंगळुरूच्या संशोधकांनी त्या गणितातली चूक दाखवली आणि हवेतल्या सूक्ष्म कणांकडे बोट दाखवलं.

रामदासांचं दुसरं काम मला त्याहून जवळचं वाटतं. त्यांनी आणि त्यांचे सहकारी द्रविड यांनी काळ्या मातीवर खडूची पांढरी भुकटी पातळ पसरली. खालची माती लक्षणीय थंड राहिली. जमिनीचं वरचं पातळ कातडंच सारा हिशेब ठरवतं. तणस जाळून शेत उघडं टाकताना आपण नेमकं तेच बदलतो.

आबाजी आता नाहीत. पण यंदा धान उठल्यावर शेताचा एक तुकडा नांगरून उघडा ठेवणार आहे, आणि चार उंचींवर चार तापमापक लावणार आहे. सर्वात खालचा भुईला टेकलेला असेल.