मोबाइल बाहेर ठेवण्याआधी

2024च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यातून उदयनराजे भोसले निवडून आले आणि शशिकांत शिंदे सुमारे 32 हजार मतांनी हरले. शिंदे यांचं चिन्ह होतं ‘तुतारी वाजवणारा माणूस’. त्याच यंत्रावर एका अपक्षासमोर नुसती तुतारी होती, लोक जिला पिपाणी म्हणतात ती. या पिपाणीला 37 हजारांवर मतं पडली. ही मतं गोंधळातून गेली, असा शिंदे यांच्या पक्षाचा दावा होता. ती सगळीच चुकून पडली असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण एक गोष्ट नक्की: उमेदवारांची चिन्हांसह यादी मतदानाच्या दोन आठवडे आधीच ठरलेली होती आणि ती नेटवर कुणालाही पाहता येत होती. मतदार केंद्राच्या दारात मोबाइल बाहेर ठेवून आत जातो. त्या मोबाइलमध्ये तोवर प्रचाराचे शेकडो व्हिडिओ येऊन गेलेले असतात, पण ही एक पानी यादी त्यात नसते, कारण ती आपण होऊन कुणाकडे येत नाही. जाऊन उघडावी लागते.

निवडणुकीसाठी लोक इंटरनेटकडे वळले, असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा उलटंच घडलेलं असतं. इंटरनेट लोकांकडे वळलेलं असतं. मतदाराच्या खऱ्या उपयोगाचा ऐवज मात्र जागेवरच पडून राहतो.

त्यातला सगळ्यात मोलाचा ऐवज म्हणजे उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, नमुना 26. ते सहजासहजी मिळालेलं नाही. अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी 1999मध्ये ‘एडीआर’ ही संस्था काढून न्यायालयात धाव घेतली. 2 मे 2002 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. सरकारने कायद्यात दुरुस्ती करून त्याला वेसण घालायचा प्रयत्न केला. मार्च 2003मध्ये न्यायालयाने तीही रद्द केली. आज अर्ज भरला की थोड्याच वेळात हे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर चढतं.

आणि ते वाचायला भलतंच रंजक असतं. उमेदवाराचं, जोडीदाराचं, अवलंबितांचं पाच वर्षांचं उत्पन्न, सोन्याचं वजन, गाड्या, बँकेची कर्जं, सरकारी थकबाकी. शेतजमिनीच्या रकान्यात गाव आणि गट नंबर असतो. शहरातल्या वाचकाला तो नुसता आकडा. गावातल्या माणसाला बांध कुणाच्या बांधाला लागून आहे तेही कळतं. त्याच उमेदवाराचं मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी उघडून ठेवलं, तर कुठल्याही भाषणापेक्षा जास्त समजतं. फक्त मालमत्तेची किंमत उमेदवारानेच लिहिलेली असते, हे विसरायचं नाही.

गुन्ह्यांच्या रकान्याशी मात्र जपून. ‘याच्यावर आठ गुन्हे’ असा फोटो फिरतो, तेव्हा आठ हा आकडा काहीच सांगत नाही. रस्ता रोको, जमावबंदी मोडणं, मोर्चामुळे रहदारीला अडथळा असले गुन्हे आंदोलनं करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्यावर असतात. म्हणून कलम वाचायचं, आणि खटला प्रलंबित आहे की शिक्षा झाली आहे तेही. त्यात आता आणखी एक घोळ आहे. 302 म्हणजे खून आणि 420 म्हणजे फसवणूक हे आपल्याला सिनेमांनी पाठ करून दिलं होतं; 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि नव्या प्रकरणांत खुनाचं कलम 103, फसवणुकीचं 318 झालं. जुनी प्रकरणं जुन्याच आकड्यांनी दिसतात.

पुष्कळशी प्रतिज्ञापत्रं स्कॅन केलेली, काही हाताने लिहिलेली. त्यामुळे त्यात शब्द टाकून शोधता येत नाही. ‘मायनेता’ या संकेतस्थळावर एडीआरची माणसं तीच माहिती टंकून, तक्त्यात बसवून देतात. पक्षांच्या संकेतस्थळांवरही एक कोपरा पाहण्यासारखा आहे. गुन्हे असलेल्या माणसालाच उमेदवारी का दिली, याची कारणं जाहीर करा, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढंच कारण चालणार नाही, असं न्यायालयाने 2020मध्ये बजावलं. ती कारणं वाचताना मला शाळेतल्या दाखल्यांची आठवण येते. सगळेच सुस्वभावी, सगळेच लोकप्रिय.

आता घरपोच येणाऱ्या मालाकडे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. त्याने वेग कमी झाला, वाट तीच राहिली, आणि प्रचारही याच वाटेने येतो. मतदान संपण्याआधीचे 48 तास प्रचार बंद ठेवण्याचा नियम 1951च्या कायद्यातला. तो लिहिताना जाहीर सभा डोळ्यांसमोर होत्या. 2019मध्ये समाजमाध्यमांच्या कंपन्यांनी स्वतःहून आचारसंहिता मान्य केली आणि आयोगाने कळवल्यावर तीन तासांत कारवाई करण्याची हमी दिली. पण मतदानाच्या आदल्या रात्री सोसायटीच्या ग्रुपवर काकांनी टाकलेल्या फॉरवर्डला कुठला आयोग पोचणार? पैसे देऊन केलेल्या जाहिरातीचं मात्र तसं नाही. गूगल आणि मेटा या दोघांकडेही राजकीय जाहिरातींचा खुला संग्रह आहे, आणि जाहिरातीचे पैसे कुणाच्या नावावर गेले ते तिथे दिसतं.

महापालिका, जिल्हा परिषदेच्या वेळी आणखी एक फसगत होते. या निवडणुका दिल्लीचा आयोग घेत नाही, राज्य निवडणूक आयोग घेतो. दोन्हींची संकेतस्थळं वेगळी. नगरसेवकपदाच्या उमेदवाराला दिल्लीच्या आयोगाच्या संकेतस्थळावर शोधणारा ‘माहितीच दडवली’ म्हणून चिडतो.

लोक आयोगाच्या पानावर खरी गर्दी करतात ती मतमोजणीच्या दिवशी. वाहिन्यांवरचे कल पुढे धावत असतात, कारण ते टेबलाजवळच्या प्रतिनिधींकडून येतात. आयोगाचं पान फेरीवर अधिकाऱ्याचं शिक्कामोर्तब झाल्यावरच हलतं. मग काही दिवसांनी नमुना 20 येतो, केंद्रनिहाय मतांचा. स्कॅन केलेली पानंच्या पानं, वेडेवाकडे आकडे. प्रतिज्ञापत्राचं पहिलं पानही न उघडलेला माणूस ती पानं मोबाइलवर मोठी करकरून बघतो. त्याला शेजारच्या वाडीने कुणाला किती मतं दिली ते हवं असतं.