गुणपत्रिका सुमार, अर्ज पीएच.डी.चा

आपल्या विद्यापीठांत बी.ए.ला ६२ टक्के म्हणजे प्रथम वर्ग. हाच आकडा अमेरिकेतल्या प्राध्यापकाच्या सवयीच्या मोजपट्टीवर जेमतेम ‘डी’ ठरतो. म्हणून टक्क्यांचे परस्पर जीपीए करून पाठवू नये. बहुतेक विद्यापीठे गुण मूळ पद्धतीतच मागतात. पण आपल्याच मोजपट्टीवर गुण कमी असतील, एखादी केटी लागली असेल, तर अर्थशास्त्रातल्या पीएच.डी.चे दार बंद होते का?

आधी निवड समितीच्या जागी बसून पाहावे. अमेरिकेतल्या चांगल्या विभागात वीस-पंचवीस जागांसाठी काहीशे अर्ज येतात. निवडलेल्यांना बहुधा फी माफ आणि वर पाच वर्षे विद्यावेतन. एवढा खर्च करून विद्यार्थी पहिल्याच वर्षी गळाला, तर सगळे पाण्यात. हे पहिले वर्ष मोठे कठीण असते. सूक्ष्म अर्थशास्त्रासाठी मास-कोलेल, व्हिन्स्टन आणि ग्रीन यांचा १९९५ सालचा जाडजूड ग्रंथ आजही वापरात आहे. मागणी-पुरवठ्याच्या रेघा एकमेकींना छेदतात, एवढे सांगून तिथे भागत नाही. असा समतोल मुळात असतोच, हे सिद्ध करावे लागते. ॲरो आणि डेब्रू यांनी १९५४ मध्ये ते सिद्ध केले, तेही स्थिरबिंदू प्रमेयाच्या आधाराने. वर्षाअखेरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास होणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी निरोपच मिळतो.

त्यामुळे गुणपत्रिका हाती आली की प्राध्यापकांची नजर गणिताच्या ओळींवर जाते. पर्यावरणाच्या पेपरात काठावर पास झालात, याचे कुणाला सोयरसुतक नसते. रिअल ॲनालिसिस किंवा लिनियर अल्जिब्रामध्ये घसरलात, तर मात्र प्रश्न उभा राहतो. आपल्या कला शाखेतल्या बहुतेकांची गोची आणखी वेगळी: त्यांच्या गुणपत्रिकेत हे विषयच नसतात. माझ्या मते कमी टक्क्यांपेक्षा ही पोकळी जास्त नडते.

जुने गुण पुसता येत नाहीत, पण त्यांच्यानंतरचा पुरावा उभा करता येतो. भारतात त्यासाठी सर्वांत भक्कम वाट म्हणजे गणिताचा पाया पक्का करणारी पदव्युत्तर पदवी. भारतीय सांख्यिकी संस्थेचा एम.एस. क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे एम.ए. किंवा गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे एम.एस्सी. अशा ठिकाणी प्रवेश परीक्षेला मोठे महत्त्व असते, म्हणजे पाटी बरीचशी कोरी करून मिळते. एनपीटीईएलवरचे गणिताचे अभ्यासक्रम तयारीसाठी उत्तम. मात्र नुसत्या त्या प्रमाणपत्राच्या जोरावर समिती विरघळेल, असे समजू नये. एमआयटीची वाट तर आणखी मोकळी. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ज्यात शिकवतात त्या ऑनलाइन मायक्रोमास्टर्समध्ये चांगले गुण मिळवले, तर तिथल्या निवासी मास्टर्ससाठी अर्ज करता येतो. त्या अर्जाला पदवीची अटही नाही.

दुसरी वाट प्री-डॉकची, म्हणजे एक-दोन वर्षे एखाद्या अर्थतज्ज्ञाच्या हाताखाली पगारी संशोधन सहायक म्हणून राबायचे. हार्वर्डमधली ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्ह बँका, आपल्याकडे जे-पाल साउथ एशिया अशा ठिकाणी ही पदे निघतात. निवडीत बऱ्याचदा एक डेटा टास्क देतात: विस्कळीत आकडेवारी स्टाटा किंवा आरमध्ये साफ करायची आणि निष्कर्ष मांडायचा. तिथे बी.ए.चे टक्के नाही, हातातले कसब उपयोगी पडते.

या कामाची खरी कमाई पगार नव्हे, शिफारसपत्र. अर्जाला साधारण तीन पत्रे लागतात आणि माझ्या समजुतीने सुमार गुणपत्रिकेवर सर्वांत गुणकारी औषध तेच. ‘हुशार, नम्र, वक्तशीर’ अशी पत्रे ढिगाने येतात आणि ढिगातच राहतात. ‘माझे आधीचे अमुक दोन सहायक नामांकित विभागात गेले, ही त्यांच्या तोडीची आहे,’ असे एखाद्या सक्रिय संशोधकाने लिहिले, की समिती ते वाक्य दोनदा वाचते. आपल्या विद्यापीठात साठ टक्क्यांचा अर्थ काय, हेही पत्रलेखकानेच सांगावे. उमेदवाराने सांगितले तर ती सबब वाटते.

म्हणूनच एसओपीत कमी गुणांची कैफियत मांडत बसू नये. आजारपण किंवा घरची अडचण असेल तर दोन वाक्ये पुरेत. उरलेली जागा संशोधनाच्या प्रश्नाला द्यावी. एसओपी घोटून देणाऱ्या सल्लागारांना मोजायचे पैसे वाचवून अर्जांच्या फीसाठी ठेवलेले बरे. एकेका अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास लागतात आणि कच्ची बाजू असलेल्याला अर्ज जास्त करावे लागतात. यादीत युरोप आणि कॅनडाही हवेत. तिथे आधी मास्टर्स, मग पीएच.डी. हा प्रघात असल्याने ताज्या गुणांना वाव मिळतो.

अमेरिकेतल्या बहुतेक अर्जांची मुदत डिसेंबरात संपते. तेव्हा पत्रासाठी प्राध्यापकांना सप्टेंबरातच गाठा आणि स्पष्ट विचारा: ‘सर, माझ्याबद्दल जोरदार पत्र लिहू शकाल का?’ ते घुटमळले, तर आभार मानून दुसरे नाव शोधा.