रेषा कोणी आखायची? ब्रिटनमधल्या गरिबीच्या मोजणीची सव्वाशे वर्षे

1901 साली लंडनमध्ये गरिबीवरची दोन पुस्तके निघाली. एक दादाभाई नौरोजींचे, ब्रिटिश राज्याने हिंदुस्थान कसा कंगाल केला हे आकड्यांनिशी मांडणारे. दुसरे सीबोम राउंट्री या तिशीतल्या इंग्रज तरुणाचे, यॉर्क या एकाच शहरातल्या गरिबीबद्दलचे. दादाभाई तोवर लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून खासदार होऊन गेले होते. राउंट्री चॉकलेट बनवणाऱ्या सधन घराण्यातला. विषय वेगळे, देश वेगळे, तरी हिशेबाची सुरुवात एकाच जागी होते. माणूस नुसता जगवायला किती लागते हे काढण्यासाठी दादाभाईंनी 1870च्या दशकात तुरुंगातल्या कैद्यांचा शिधा घेतला होता. हिंदी माणसाचे वार्षिक दरडोई उत्पन्न त्यांनी 20 रुपये काढले आणि सरकार कैद्यावर त्याहून जास्त खर्च करते हे दाखवून दिले. राउंट्रीने वर्कहाउसचा, म्हणजे निराधारांना कामाला जुंपून पोसणाऱ्या सरकारी घरांचा शिधा आधाराला घेतला. सरकार स्वतःच ज्यांना कमीत कमी खर्चात पोसते, त्यांच्याहूनही बाहेरचे मोकळे लोक वाईट खातात, हा मुद्दा कोणाला खोडता येणार नव्हता.

रेषा इतकी खाली आखण्यामागे हेतू होता. समोरचा माणूस शंका घेणारच, तेव्हा त्याला बोलायला जागाच ठेवायची नाही. ब्रिटनमधल्या गरिबीच्या मोजणीचा पुढचा सगळा इतिहास मला याच एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो: वाद जिंकण्यासाठी आखलेली खालची रेषा हळूहळू गरजेची व्याख्या होऊन बसली, आणि ती तिथून हलवायला पुढच्या पिढ्यांना झगडावे लागले.

राउंट्रीच्या आधी चार्ल्स बूथ होता. लिव्हरपूलचा हा जहाजमालक 1886 पासून स्वतःच्या पैशाने लंडनची पाहणी करत होता. शाळा मंडळाचे कर्मचारी मुलांना शाळेत आणण्यासाठी घरोघर फिरत. कोणत्या घरात काय शिजते आणि काय शिजत नाही हे त्यांना ठाऊक असे. बूथच्या माणसांनी त्यांना तासन् तास बसवून गल्ली अन् गल्ली उतरवून घेतली आणि त्यातून रंगीत नकाशे तयार झाले. सर्वांत खालच्या थराला काळा रंग, मग निळ्याच्या छटा, आणि श्रीमंतांच्या रस्त्यांना पिवळा. मध्यम आकाराच्या कुटुंबाला आठवड्याला 18 ते 21 शिलिंग ही गरिबीची पातळी त्याने धरली, आणि लंडनमधली 30.7 टक्के माणसे त्या पातळीवर किंवा तिच्या खाली निघाली. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरातल्या वस्तीचा जवळजवळ तिसरा हिस्सा! मात्र 18 ते 21 शिलिंगच का, याचे उत्तर बूथकडे नव्हते. तो अनुभवी माणसाचा अंदाज होता.

ते उत्तर राउंट्रीने शोधले. 1899 मध्ये यॉर्कमधल्या 11,560 श्रमिक कुटुंबांत, म्हणजे 46,754 माणसांपर्यंत त्याचे पाहणीदार पोचले. आहारशास्त्र तेव्हा नवे होते. शरीराला किती उष्मांक आणि किती प्रथिने लागतात याची कोष्टके नुकतीच तयार होत होती. त्यावरून त्याने सर्वांत स्वस्त आहार बसवला. त्यात ताजे मांस नव्हते. वर घरभाडे, कपडे, दिवाबत्ती आणि जळण. नवरा-बायको आणि तीन मुले यांना आठवड्याला 21 शिलिंग 8 पेन्स. या पैशात जगायचे तर घोड्याच्या बसमध्ये बसायचे नाही, वर्तमानपत्र घ्यायचे नाही, दूरच्या मुलाला पत्र पाठवायचे नाही कारण तिकिटाला पैसे नाहीत, मुलांना खेळणे किंवा गोळी नाही, बापाला तंबाखू नाही, आणि कमावत्याने एक दिवसही आजारी पडायचे नाही. ही यादी राउंट्रीने स्वतःच पुस्तकात मांडली आहे. या रेषेवर कोणी सुखाने जगू शकेल असे त्याचे म्हणणे नव्हते, हे त्यातून स्पष्ट होते. 1986 मध्ये जॉन व्हाइट-विल्सन या अभ्यासकाने हे पुन्हा ठासून सांगितले, पण मधली 85 वर्षे बहुतेकांनी राउंट्रीला उलटेच वाचले.

या कडक रेषेखाली यॉर्कची 9.91 टक्के माणसे निघाली. राउंट्रीने याला प्राथमिक दारिद्र्य म्हटले. शिवाय पाहणीदारांना डोळ्यांनी दिसणारी गरिबी होती: फाटके कपडे, फिक्कट मुले, रिकामे घर. ती जमेस धरता आकडा 27.84 टक्क्यांवर गेला. मधल्या फरकाला त्याने दुय्यम दारिद्र्य असे नाव दिले; म्हणजे हिशेबाने पैसा पुरता, पण दारूत, जुगारात, कधी एखाद्या उपयोगाच्या गोष्टीतही तो गेल्यामुळे पोट रिकामे. टीकाकारांना हा दुय्यम भाग फार आवडला, कारण त्यात दोष गरिबावर टाकता येतो. मला मात्र पुस्तकाचा खरा गाभा दुसरीकडे वाटतो. श्रमिक माणसाच्या आयुष्यात गरिबी तीनदा येते, असे राउंट्रीने दाखवले: तो स्वतः लहान असताना, त्याची मुले लहान असताना आणि म्हातारपणी. म्हणजे ज्या दिवशी मोजले त्या दिवशी रेषेच्या वर असलेली कितीतरी माणसे कधी ना कधी तिच्याखाली राहून आलेली किंवा पुढे जाणारी होती.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या भरतीत कितीतरी तरुण शरीराने कमी पडून नाकारले गेले, आणि साम्राज्याला एकदम गरिबांच्या पोटाची काळजी वाटू लागली. 1906 मध्ये शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला, 1909 पासून सत्तरीपुढच्या गरीब वृद्धांना आठवड्याला 5 शिलिंग पेन्शन मिळू लागले. मोजणीमुळे धोरण बदलले असे म्हणणे जरा जास्तच होईल. पण मोजणी नसती तर वादाला धरायला काही नसते.

राउंट्रीने यॉर्क आणखी दोनदा मोजले, आणि इथेच मोजणीतला पेच उघडा पडतो. 1936 मध्ये त्याने रेषा वर उचलली. आता त्यात रेडिओ, वर्तमानपत्र, युनियनची वर्गणी बसत होती. या नव्या रेषेखाली श्रमिकांपैकी 31.1 टक्के निघाले. जुन्या 1899च्या रेषेने तेच 6.8 टक्के. शहर तेच, वर्ष तेच, माणसे तीच. मग 1950 मध्ये लॅव्हर्स या सहकाऱ्याबरोबर केलेल्या तिसऱ्या पाहणीत श्रमिकांमधला आकडा 2.77 टक्क्यांवर आला. बेव्हरिजचा सामाजिक विम्यावरचा 1942 चा अहवाल, युद्धानंतरचा राष्ट्रीय विमा, 1948 ची आरोग्यसेवा आणि भरपूर रोजगार यांनी गरिबी संपवली, असा निकाल देशाने लावून टाकला. यॉर्कचे जपून राहिलेले 1950 चे अर्ज पुढच्या पिढ्यांच्या अर्थशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा कल्याणकारी योजनांना दिलेले श्रेय फाजील होते असे दिसले. पण पंधरा वर्षे गरिबी हा विषय ब्रिटिश राजकारणातून जवळपास पुसला गेला होता.

तो परत आणला पीटर टाउन्सेंड आणि ब्रायन एबल-स्मिथ या अभ्यासकांनी, 1965 च्या नाताळाच्या तोंडावर. त्यांनी घरोघर फिरून काही मोजले नाही. सरकारच्याच कुटुंबखर्चाच्या पाहण्या त्यांनी उलगडल्या. संसदेने ठरवलेल्या राष्ट्रीय साहाय्याच्या, म्हणजे उत्पन्न अपुरे असणाऱ्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीच्या, रकमेवर 40 टक्के वाढ धरून रेषा आखली. तिच्याखाली 1953-54 मध्ये 7.8 टक्के लोक होते, 1960 मध्ये 14.2 टक्के. म्हणजे सुमारे 75 लाख माणसे, त्यात वीस लाखांवर मुले. सरकारला ही रेषा सहज झटकता येईना, कारण तिचा पाया सरकारनेच घातला होता. त्याच वर्षी बालदारिद्र्याविरुद्ध झगडणारा ‘चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुप’ उभा राहिला. तो आजही काम करतो आहे.

टाउन्सेंड तिथे थांबला नाही. 1979 च्या त्याच्या जाडजूड ग्रंथात प्रश्नच बदलला. आपल्या समाजात सर्वसाधारण माणसे जे खातात, करतात, ज्यात सहभागी होतात, त्यातून पैशाअभावी बाहेर पडावे लागणे म्हणजे गरिबी. मराठी वाचकाला हे जरा परके वाटेल. आपल्याकडे दारिद्र्यरेषा म्हटली की पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांचा 1971 चा 2250 उष्मांकांचा हिशेब आठवतो. तो राउंट्रीच्या घरातला आहे, आणि उपासमारीच्या देशात तो योग्यच होता. टाउन्सेंडची यादी वेगळी: घरी फ्रीज आहे का, मुलाच्या वाढदिवसाला मित्र आले का, वर्षात आठवडाभर बाहेरगावी गेलात का, रविवारी घरात मांस शिजते का. रविवारी मांस न शिजवणारा माणूस शाकाहारी असेल तर काय, असे टीकाकारांनी विचारले, आणि तो प्रश्न रास्त होता. अमर्त्य सेन यांनी 1983 मध्ये अधिक खोलवर बोट ठेवले. लाज न वाटता चारचौघांत वावरता येणे ही गरज सगळीकडे सारखीच. ती भागवायला लागणाऱ्या वस्तू मात्र समाजागणिक बदलतात. ॲडम स्मिथने 1776 मध्येच लिननच्या सदऱ्याचे उदाहरण देऊन हे सांगितले होते. टाउन्सेंडने सेन यांना चिडून उत्तर दिले. मला सेन यांची मांडणी पटते, पण तिच्यामुळे टाउन्सेंडची मोजणी रद्द होत नाही. उलट तिला भक्कम कारण मिळते.

शाकाहाऱ्याच्या प्रश्नावरचा तोडगा त्याच 1983 साली निघाला. दूरचित्रवाणीच्या एका मालिकेसाठी जोआना मॅक आणि स्टुअर्ट लॅन्स्ली यांनी लोकांनाच विचारले की आज कोणत्या गोष्टींवाचून कोणीही राहू नये. निम्म्याहून अधिक लोकांनी ज्या गोष्टी आवश्यक म्हटल्या त्याच यादीत आल्या, आणि नको म्हणून नसणे व परवडत नाही म्हणून नसणे हे वेगवेगळे नोंदवले गेले. रेषा पहिल्यांदाच सामान्य माणसांनी आखली. 2008 पासून लाफबरो विद्यापीठात किमान उत्पन्नाचे प्रमाण ठरवताना हीच वाट पुढे नेली जाते.

सरकारी पातळीवर स्थिर झाला तो मात्र साधा, कोरडा निकष. सगळ्या माणसांना कुटुंबाचा आकार जमेस धरून उत्पन्नाप्रमाणे ओळीत उभे करायचे, बरोबर मधल्या माणसाचे उत्पन्न पाहायचे, आणि त्याच्या 60 टक्क्यांखालचे ते गरीब. या निकषाने पाहिले तर पंतप्रधान थॅचर आणि त्यांच्यानंतरच्या त्यांच्याच पक्षाच्या सरकारचा काळ हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा उलथापालथीचा काळ ठरतो. निवासखर्च, म्हणजे घरभाडे वगैरे, वजा करून 1979 मध्ये मुलांमधले प्रमाण सुमारे 14 टक्के होते, 1996-97 मध्ये सुमारे 34. एवढी उडी एका कारणाने पडत नाही. 1982 मध्ये बेकारांची नोंद तीस लाखांवर गेली, 1980 पासून पेन्शन पगारवाढीऐवजी महागाईशी बांधले गेले, वरच्या पगारांना आणि खालच्या पगारांना दोन वेगळ्या दिशा लागल्या, आणि प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर 83 वरून 40 टक्क्यांवर उतरला. 1989 च्या मे महिन्यात मंत्री जॉन मूर यांनी भाषणात सांगितले की ज्याला टीकाकार गरिबी म्हणतात ती फक्त विषमता आहे. भुकेची गरिबी कमी झाली होती हे त्यांचे म्हणणे खरे होते. पण शेजाऱ्याच्या मुलासारखे शाळेत जाता न येणे ही मुलासाठी नुसती विषमता नसते, आणि या मुद्द्यावर मूर यांचा युक्तिवाद मला कोता वाटतो.

18 मार्च 1999 रोजी पूर्व लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये टोनी ब्लेअर यांनी वीस वर्षांत बालदारिद्र्य संपवण्याचे वचन दिले. किमान वेतन आणि मुलांसाठीच्या करसवलती यांमुळे आकडे खरोखर उतरले: निवासखर्च वजा न करता गरीब मुले 34 लाखांवरून 2010-11 मध्ये 23 लाखांवर, ठरवलेल्या 17 लाखांच्या बरीच वर. यातली शेवटच्या वर्षाची घट मात्र फसवी होती. मंदीने मधल्या माणसाचे उत्पन्न सुमारे तीन टक्क्यांनी घटले, रेषा खाली आली, आणि तीन लाख मुले कागदोपत्री गरिबीतून बाहेर पडली. त्यांच्या ताटात काहीच वाढले नव्हते. एकटा निकष असा फसवू शकतो; 2010 च्या बालदारिद्र्य कायद्यात मात्र एकाऐवजी चार निकष होते: सापेक्ष, एका वर्षाच्या रेषेला महागाईनुसार बांधलेला, वस्तूंच्या अभावाचा, आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या गरिबीचा. 2016 मध्ये नव्या सरकारने कायद्यातली उद्दिष्टे काढून टाकली. आकडे प्रसिद्ध करण्याची सक्ती तेवढी उमरावांच्या सभागृहाने सरकारला मान्य करायला लावली. त्या आडमुठेपणाचे मला मोल वाटते. आकड्यांची माळ एकदा तुटली की मागचे काहीच ताडून पाहता येत नाही.

घरभाड्याचा प्रश्न तर आजही धुमसतो. निवासखर्च वजा न करता मोजले तर एक विचित्र गोष्ट घडते. घरमालकाने भाडे वाढवले, त्याबरोबर सरकारी घरभाडे-मदत वाढली, की ती मदत उत्पन्नात धरली जाते आणि भाडेकरू कागदावर श्रीमंत होतो. हातात एक पौंडही जास्त आलेला नसतो. लंडनमध्ये या दोन पद्धतींतला फरक प्रचंड आहे. निवासखर्च वजा करून 2023-24 मध्ये देशात 21 टक्के लोक गरिबीत होते आणि मुलांमध्ये 31 टक्के, म्हणजे सुमारे 45 लाख. वृद्धांमधले प्रमाण 1990च्या दशकात 29 टक्क्यांच्या आसपास होते, ते 2023-24 मध्ये 16 होते. पेन्शन सांभाळले गेले, बहुतेक वृद्धांची घरे स्वतःची झाली. मुलांच्या वाट्याला 2017 पासून तिसऱ्या अपत्यापासूनची मदत बंद करणारा नियम आला. तो मागे घेण्याची घोषणा 2025 च्या अर्थसंकल्पात झाली. राउंट्रीच्या तीन टप्प्यांतला शेवटचा टप्पा ब्रिटनने बऱ्याच अंशी सोडवला, पहिले दोन अजून तसेच आहेत.

हे सगळे आकडे घरात राहणाऱ्यांचे आहेत. रस्त्यावर झोपणारे, वसतिगृहांत आणि तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवलेले, वृद्धाश्रमांतले लोक या पाहणीत येतच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी हेरियट-वॉट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मदतकेंद्रांवर जाऊन स्वतंत्र मोजणी केली. निवारा, अन्न, ऊब, उजेड, कपडे आणि अंगस्वच्छतेच्या वस्तू या सहापैकी किमान दोन गोष्टी महिनाभरात मिळाल्या नाहीत तर ते निष्कांचन, अशी रेषा त्यांनी धरली. 2022 या एका वर्षात अशी 38 लाख माणसे निघाली, त्यात दहा लाख मुले. ही मोजणी एका खासगी प्रतिष्ठानच्या पैशावर चालते. सरकारने ती स्वतःच्या वार्षिक आकडेवारीत घ्यायला हवी, आणि तीही मधल्या माणसाच्या 60 टक्क्यांच्या रेषेची जागा न घेता, तिच्या शेजारी.