प्लॅस्टिकच्या कुंड्यांस भोकें पाडण्याविषयीं

मातीच्या कुंडीची जागा आतां बहुतेक ठिकाणीं प्लॅस्टिकच्या कुंडीनें घेतली आहे. ती हलकी व स्वस्त असून सहसा फुटत नाहीं, तेव्हां तिजविषयीं आमची तक्रार नाहीं. तथापि बाजारांतील कित्येक कुंड्यांस, आणि घरोघरीं त्या कामीं लावलेल्या रंगाच्या डब्यांस, तळाशीं भोक मुळींच नसतें. एवढ्या एका उणिवेपायीं वर्षभर जपलेलें कागदी लिंबाचें रोप ऐन श्रावणांत दगावतें. फुटकी बादली या कामीं धडक्या बादलीहून बरी!

मातीच्या कुंडीच्या अंगांतून थोडेंबहुत पाणी पाझरून उडून जातें. प्लॅस्टिकांतून तें जात नाहीं. सांचलेलें पाणी मातींतील हवेच्या जागा भरून टाकतें, मुळांस प्राणवायु मिळेनासा होतो आणि पिथियम, फायटोफ्थोरा यांसारख्या मूळकुजीच्या रोगांचें फावतें. पानें पिंवळीं पडून माना टाकतात. पुष्कळ लोक ही तहान समजून आणखी पाणी घालतात.

तळाशीं खडे घातले म्हणजे निचरा होतो, ही समजूत फार पसरलेली आहे. पण ती खरी नाहीं. वरची बारीक माती पुरती चिंब झाल्यावांचून तींतील पाणी खालच्या भरड थरांत उतरत नाहीं. म्हणजे खड्यांमुळें ओल कमी न होतां उलट मुळांच्या अधिक जवळ येते. भोकावर जाळीचा लहानसा तुकडा पुरे.

खिळा ठोकून भोक पाडूं नये. उन्हानें कडक झालेलें प्लॅस्टिक तडकतें. कुंडी पालथी घालून, आंतून लांकडाचा ठोकळा लावून, गिरमिट हलक्या हातानें चालवावें. ८ ते १० इंची कुंडीस सुमारें १० मिलिमीटरचीं चार-पांच भोकें पुरतात. तळ सपाट असल्यास त्यांतील कांहीं बाजूस, अगदीं तळालगत पाडावीं. कुंडी जमिनीस टेंकली तरी तीं बुजत नाहींत. तापविलेल्या सळईनेंही काम होतें, मात्र तें उघड्यावर, धूर अंगावर येणार नाहीं असें उभें राहून करावें. पी.व्ही.सी.च्या वस्तूस सळई लावूंच नये. तींतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायु निघतो.

कुंडीखालीं ताटली ठेवणाऱ्यांनीं ती आठवड्यांतून एकदां तरी रिकामी करून घासून कोरडी करावी. डेंग्यू पसरविणारा डांस अशाच सांचलेल्या पाण्याच्या कडेस अंडीं घालतो.